दुसरा घाव

धुळे, ८ मार्च १९७१

रुपचंदभाऊ,
सलाम.

आजही तू बाहेर आला नाहीस. मी जाळीच्या अलीकडे बाकावर बसले होते. शिपाई आत जाऊन आला आणि म्हणाला, "बाई, तो म्हणतो त्याला बहीण नाही." मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं. डबा तरी पोचवतो म्हणाला. पोचला का? कळण्याच्या भाकरी होत्या आणि भरीत.

तू भेटत नाहीस म्हणून लिहिते. कैद्यांची पत्रं जेलरसाहेब आधी वाचतात म्हणे. वाचू देत. आपल्या घरातलं सगळं कोर्टात बोलून झालंय, लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

मी परदेशी चालले आहे. आफ्रिकेत युगांडा नावाचा देश आहे, तिथे. तिथल्या मिशन दवाखान्यात दोन वर्षं विद्यार्थिनी म्हणून राहायचं. सकाळी पवित्र शास्त्राचा अभ्यास, दुपारी वॉर्ड, आणि रविवारी आपल्या देशातून तिकडे गेलेल्या दुकानदारांच्या बायकामुलांत सेवा. त्या बायका गुजराती बोलतात. पाळकसाहेब म्हणाले, तुमच्या खानदेशी बोलीत गुजराती मुरलेलीच आहे, तुला जड जाणार नाही. दोन वर्षांनी मला पक्की मिशनरी करतील. बाबांना हे ऐकून काय वाटलं असतं, ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

कमिटीने मला का निवडलं ते मात्र तुला सांगायला हवं. मिशनच्या मासिकात माझ्याविषयी छापून आलं होतं, 'पित्याच्या मारेकऱ्याचे प्राण वाचवणारी कन्या'. तेव्हापासून मला सभेत उभं करतात. बायका डोळे पुसतात. भाऊ, मी त्या दिवशी कोणाला क्षमा वगैरे केली नव्हती. रक्त वाहत होतं आणि माझे हात नर्सिंग शिकलेले होते. तेवढंच घडलं.

तू माझ्या तोंडून हे कधी ऐकलंच नाहीस, म्हणून आज लिहिते. बाबांना मारलं तेव्हा तू धरणगावच्या कापसाच्या जिनात कामाला होतास आणि मी इथे धुळ्याला ट्रेनिंगला. आपण दोघांनीही ते मायकडून ऐकलं. शिरपूरच्या वरच्या पाड्यावर बाबा रविवारची उपासना चालवत होते. खालच्या गावच्या कौतिक पाटलाचा धाकटा भाऊ निंबा बाबांकडून बाप्तिस्मा घेऊन बसला होता, आणि त्यांची आई वारली तेव्हा त्याने डोकं भादरायला नकार दिला होता. कौतिक माणसं घेऊन आला. निंबाला केसाला धरून ओढलं. बाबा मध्ये पडले. कौतिकने दांडका बाबांच्या डोक्यात घातला, ते पडले तरी घालत राहिला. कापसाच्या ट्रकमध्ये गठ्ठ्यांवर निजवून त्यांना शिरपूरला नेलं. दवाखान्याच्या दारात त्यांनी मान टाकली.

मंडळीतला एकही माणूस साक्षीला उभा राहिला नाही. निंबाने पिंजऱ्यातल्या भावाकडे पाहिलं आणि "मला काही दिसलं नाही" म्हणाला. माय बोलली. तिला वकिलाने विचारलं, दांडका कोणत्या हातात होता, आणि तिला आठवेना. कौतिक सुटला.

पुढच्याच बाजाराला तो शिरपुरात लोहाराच्या पालापुढे उभा होता. तू माझ्याशी बोलत बोलत चालला होतास. मायला चप्पल घ्यायची म्हणत होतास. मग बोलणं थांबलं. तू लोहाराची कुऱ्हाड उचललीस. पहिल्या घावाने कौतिकचा डावा हात दंडापासून लोंबायला लागला आणि तो पडला. मग तू पडलेल्या माणसावर दुसरा घाव घातलास. तो खांद्यात रुतला.

मी पदर फाडून त्याचा दंड आवळला, त्यात काठी घालून पिळली. लोकांनी तुला धरलं होतं. तू आरडाओरडा केला नाहीस. "सोडी दे त्याले, वच्छे," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होतास. मी सोडलं नाही. त्याचा हात गेला, तो जगला.

कोर्टात मला विचारलं, घाव किती? मी म्हटलं, दोन. दुसरा घातला तेव्हा तो उभा होता की पडलेला? मी म्हटलं, पडलेला. त्या एका शब्दाने तुझी शिक्षा वाढली असं आपले वकील म्हणाले. भाऊ, पहिला घाव मला कळतो. दुसरा कळत नाही. मला विचारलं म्हणून मी सांगितलं, आणि उद्या विचारलं तरी तेच सांगेन.

तू नाही म्हणालास तरी तुझी बहीणच,
वच्छला


जळगाव, १५ मार्च १९७१

भाऊ,

गाडी उशिरा आहे, तोवर लिहिते. मायकडे दोन दिवस राहिले. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातलं काम तिला झेपतंय, फक्त चुलीच्या धुराने डोळे लाल असतात. ती स्टेशनवर आली नाही. दारातच म्हणाली, "तू समुद्रपार जाशी, तो तुरुंगमा, आनि मी आठे लोकेसन्या भाकरी थापू."

मी म्हटलं, दोन वर्षांनी येईन.

ती म्हणाली, "तो सुटना का पहिले कौतिकना घर जाई. माले तसं सांगं त्यानी."

म्हणजे तिला तू भेटतोस, आणि हे सांगतोस. मी म्हटलं, माय, तू समजाव त्याला. तिने कणकेचे हात पुसले. "समजाडू? मना मनले इचार पहिले," म्हणाली.

मी तिच्या मनाला विचारलं नाही. मला भीती वाटली की ते उत्तर देईल.

वच्छला


युगांडा, २० जून १९७१

भाऊ,
सलाम.

मुंबईहून मोंबासापर्यंत जहाज आणि तिथून आगगाडी. डेकवर चटई टाकून झोपायचं. सुरुवातीला मी नुसती ओकत होते. शेजारी सुरतेकडची एक म्हातारी होती. तिने लिंबू चाटायला दिलं आणि विचारलं, "कोना घरे जाय छे?" मी म्हटलं, देवाच्या कामाला चालले. ती म्हणाली, ते काम तुमच्या गावात नव्हतं का? खरं उत्तर असं आहे की धुळ्याला रोज ड्युटीवर जाताना तुझ्या तुरुंगाची भिंत लागायची, आणि मला ती भिंत नको झाली होती. हे मी कमिटीला सांगितलं नव्हतं.

इथे डोंगर हिरवे, माती आपल्या विटांसारखी लाल आणि केळी इतकी की रावेरवाल्यांनी पाहत राहावं. रविवारी मी दुकानांच्या मागच्या खोल्यांतून जाते. बायका चहा देतात, माझं बोलणं ऐकून घेतात आणि शेवटी मुलाचा कान दुखतो म्हणून दाखवतात. कानात औषध घालते. अजून एकही बाई उपासनेला आलेली नाही. डॉक्टरीणबाई म्हाताऱ्या आहेत, स्कॉटलंडच्या. त्या म्हणतात, कान बरे करत राहा.

माझ्या खोलीत अकेलो नावाची विद्यार्थिनी आहे, उत्तरेकडच्या जमातीची. उंच, काळीभोर, हसली की आख्खा वॉर्ड हसतो. तिचा भाऊ पलटणीत होता. यंदा इथे लष्कराने राज्य घेतल्यापासून तिच्या जमातीच्या शिपायांना त्यांच्याच बराकीत कोंडून मारतायत. तिचा भाऊ तसाच गेला. निरोप घेऊन जो माणूस आला त्याची स्वतःची बोटं छाटलेली होती. मागे एकदा आम्ही दवाखान्याच्या गाडीतून नदीच्या पुलावरून जात होतो, तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, पोरींनो, डोळे मिटा. मी मिटले नाहीत. प्रेतं फुगून काठच्या लव्हाळ्यात अडकली होती. हात मागे बांधलेले. अकेलोनेही डोळे मिटले नाहीत. ती प्रत्येकाचा चेहरा पाहत होती.

नंतर तिने मला विचारलं, "तू तुझ्या बापाला मारणाऱ्याला वाचवलंस म्हणतात. ते कसं जमलं?" मी तिला मासिकात छापलेलं उत्तर दिलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

तुझी,
वच्छला


युगांडा, २७ सप्टेंबर १९७२

भाऊ,

अक्षर वाकडं आहे. उजव्या तळव्याला भाजलंय, इस्त्रीने. काळजी करू नकोस.

इथल्या सगळ्या हिंदी लोकांना देश सोडून जायचा हुकूम झालाय, तुझ्या पेपरात आलंच असेल. दुकानं लुटतायत. मलाही निघावं लागेल, पण लगेच निघत नाही. वॉर्डात एक शिपाई आहे. त्याचा जबडा मोडलाय आणि एक डोळा गेलाय. भिंतीवरून पडला. त्याला नळीने पेज भरवावी लागते, ते काम मी मागून घेतलं आहे. अकेलो तिच्या मावशीकडे गेली. बाकी सर्व ठीक.

एक विचारायचं होतं. शिरपूरच्या बाजारात तू दुसऱ्यांदा कुऱ्हाड उचललीस तेव्हा तुला माझा आवाज ऐकू येत होता का? मी तुला हाका मारत होते. कोर्टात हे कोणी विचारलं नाही.

वच्छला


जहाजावर, २ नोव्हेंबर १९७२

भाऊ,
सलाम.

आता सगळीकडे पाणी आहे. हे पत्र मुंबईला उतरल्यावर टाकेन, म्हणजे तुझ्या जेलरसाहेबांशिवाय ते कोणी फोडणार नाही. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं, कारण तिथे पत्रं शिपाई वाचत होते. आता खरं लिहिते.

तो भिंतीवरून पडला नव्हता.

दुपारची वेळ होती. दवाखान्याच्या मागे आंब्याखाली मी वॉर्डातल्या चादरींना इस्त्री करत होते, कोळशाची इस्त्री. अकेलो वाळत घातलेले कपडे काढत होती. फाटकातून एक शिपाई आला. दारू प्यायलेला, एकटा, बंदूक पाठीला. त्याने तिचं नाव विचारलं. नावावरून जमात कळते. तिने खोटं नाव सांगायला हवं होतं. ते तिला जमलं नाही. त्याने तिच्या पोटात लाथ घातली आणि ती वाकली तेव्हा केसाला धरून तिला फाटकाकडे ओढायला लागला. ती ओरडत नव्हती. तिचे पाय मातीत घासत होते आणि एका पायातली चप्पल मागे राहिली होती.

मी इस्त्री घेऊन धावले आणि त्याच्या तोंडावर मारली. हाड मोडल्याचा आवाज आला. झाकण उघडून निखारे त्याच्या डोळ्यावर सांडले. तो खाली पडला, अकेलो सुटली. तिथे ते काम संपलं होतं, भाऊ. बंदूक त्याच्या अंगाखाली होती, तो दोन्ही हातांनी डोळा धरून गुरासारखा ओरडत होता. मी इस्त्री पुन्हा वर उचलली. मूठ सुटली होती म्हणून तापलेल्या लोखंडालाच धरून उचलली. तळवा भाजला तो तेव्हा. आणि मी पडलेल्या माणसाच्या तोंडावर दुसऱ्यांदा मारली. अकेलो मला हाक मारत होती असं तिने नंतर सांगितलं. मला ऐकू आली नाही.

तिसऱ्यांदाही मारली असती. डॉक्टरीणबाईंनी मागून माझा हात धरला.

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हा दारू पिऊन भिंतीवरून पडला आणि इस्त्रीवर आदळला. सगळ्यांनी ऐकलं ना?" सगळ्यांनी ऐकलं. त्याला ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं. अकेलोला केळीच्या घडांखाली झाकून ट्रकमधून सरहद्दीकडे पाठवलं. ती केनियात पोचल्याचा निरोप आला.

तो शिपाई माझ्या वॉर्डात. जबडा तारेने बांधलेला, बोलता येत नव्हतं. मी पेज घेऊन गेले की उरलेल्या डोळ्याने माझ्याकडे बघायचा. त्याला सगळं आठवत होतं. आधी त्याने नळी हिसकून फेकली, पेज माझ्या अंगावर उडवली. मी दुसरी वाटी आणली. भूक लागल्यावर प्यायला लागला. मी त्याचं तोंड पुसायचे, जखम धुवायचे. तू विचारशील, पश्चात्ताप झाला म्हणून का? मला माहीत नाही. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं की मला परत इस्त्री उचलावीशी वाटायची, आणि मी वाटी घट्ट धरायचे.

तो बराकीत परतला आणि मग चौकशी आली. त्याच्या साहेबाला भिंतीची गोष्ट पटली नव्हती. दवाखान्याच्या म्हाताऱ्या राखणदाराला, यकोबोला, त्यांनी उचलून नेलं. तो त्या वेळी फाटकावर नव्हता, घरी जेवायला गेला होता. दुसऱ्या सकाळी त्याची बायको डॉक्टरीणबाईंच्या पायरीवर येऊन बसली.

डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "तुझं तिकीट आहे. आजच्या गाडीने जा. मी बघते."

मी म्हटलं, "मी सख्ख्या भावाविरुद्ध साक्ष दिली आहे. आता माझ्या वेळेला गाडीत बसू का?"

आम्ही दोघी बराकीत गेलो. साहेब लठ्ठ होता, आंघोळ करून आल्यासारखा स्वच्छ. मी सांगितलं, तुमच्या माणसाला मी मारलं. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हसायला लागला. "ही? ही माझ्या बुटाएवढी आहे." मी तळवा दाखवला. त्याने त्या शिपायाला बोलावलं. तो आला, डोळ्यावर पट्टी, तोंड एका बाजूला ओढलेलं. साहेबाने विचारलं, "हिने तुला मारलं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली, नाही. हाताने भिंत दाखवली, पडल्याचं दाखवलं.

बाईच्या हातचा मार खाल्ला हे सांगायची लाज वाटली, की मी भरवलेली पेज आठवली, ते तोच जाणे. यकोबोला बाहेर आणलं. त्याच्या हातांची नखं काढलेली होती. त्याला डॉक्टरीणबाईंच्या ताब्यात दिलं. मग साहेब म्हणाला, खोटं बोलून लष्कराचा वेळ घेतल्याबद्दल या हिंदी पोरीला वेताने फोडा. आणि वेत त्या शिपायाच्याच हातात दिला.

अंगणात पालथं पाडलं मला. त्याने हळू मारलं नाही, भाऊ. सगळा जोर लावून मारलं. मी मातीत तोंड खुपसून तुझं नाव घेत होते. देवाचं घ्यायला हवं होतं.

अजून पाठीवर निजता येत नाही. मोंबासाच्या गाडीत शिपाई दर थांब्यावर चढत होते, बायकांच्या कानातलं ओढून नेत होते, कानाची पाळी फाटली तरी. मी फाटलेले कान धुवत आले. माझी मिशनरी सेवा ती एवढीच झाली.

तुझ्याविरुद्ध मी सांगितलं ते खोटं नव्हतं. कौतिक पडलेलाच होता. पण दुसरा घाव मला कळत नाही असं मी तुला लिहिलं होतं, ते वाक्य खोडून टाक.

आणि कौतिककडे जाऊ नकोस. हे मासिकातली मुलगी सांगत नाही. जिच्या हातात ती इस्त्री होती ती सांगते.

वच्छला


धुळे, १४ ऑगस्ट १९७३

भाऊ,

काल पुन्हा आले होते. तू आला नाहीस. नवीन शिपाई आहे, त्याने डबाही घेतला नाही.

कमिटीला मी सगळं सांगितलं. ती सगळी भली माणसं आहेत. मग पाळकसाहेब म्हणाले, तू काही वर्षं विश्रांती घे. माझं नाव यादीतून काढलं. आता साक्रीजवळच्या दवाखान्यात साधी नर्स म्हणून आहे. बाळंतपणं असतात, विंचू असतात. मला बरं वाटतं.

तुला आवडणार नाही असं एक काम केलं. कौतिकच्या गावी जाऊन आले. त्याच्या बायकोने मला ओळखलं आणि दार लावून घेतलं. तो ओट्यावर बसला होता. मी उभ्यानेच म्हटलं, "माझा भाऊ पुढच्या वर्षी सुटेल. त्याने काय ठरवलंय ते तुम्हाला माहीत असू दे."

तो म्हणाला, "येऊ दे त्याले. मी कोठे जासू? मनं वावर तं आठेच शे."

मी विचारलं, "आमच्या बाबांना का मारलंत?" इतक्या वर्षांत हे त्याला कोणी विचारलं नव्हतं, वकिलानेही नाही.

"मारानं नव्हतं. भाऊले ओढीसन न्यानं व्हतं," म्हणाला. "एक दांडका हाना. मंग हात थांबनाच नही."

मी निघाले. त्याने पाणी विचारलं, मी घेतलं नाही. अजून मला ते जमत नाही.

वच्छला


शिरपूर, सरकारी दवाखाना, २१ नोव्हेंबर १९७४

वच्छीस,
रुपचंदचा सलाम.

अक्षर निंबाचं आहे, कौतिकच्या भावाचं. माझा उजवा हात मोडलाय, म्हणून मी सांगतो आणि तो लिहितो. त्याला सांगितलंय, मी बोलेन तसंच लिही, गोड करू नको.

मी मागच्या गुरुवारी सुटलो. मायलाही कळवलं नाही. तिने अडवलं नसतं, पण तिचं तोंड पाहून निघायचं नव्हतं. धुळ्याच्या बाजारात विळा घेतला, एस. टी.ने शिरपूरला आलो, तिथून चालत कौतिकच्या वावरात. मारायलाच गेलो होतो. चार वर्षं रोज रात्री तेच ठरवून झोपत होतो.

कपाशी फुटली होती. तो एकटाच कापूस वेचत होता, गळ्यात झोळी अडकवून, एका हाताने. बोंडाचं फूल निघत नव्हतं तर दातांनी धरून ओढत होता. मला पाहिलं आणि उभा राहिला. पळाला नाही. "उना का," म्हणाला, माझ्या येण्याची वाटच पाहत असल्यासारखा.

हात उचलला नाही असं लिहायला मला आवडलं असतं. उचलला. विळा त्याच्या उरलेल्या हाताच्या खांद्यात घातला. तो ढेकळात खाली बसला. रक्त झोळीकडे ओघळायला लागलं तसा त्याने झोळी गळ्यातून काढली आणि कापूस खराब होऊ नये म्हणून बाजूला सरकवली. मग माझ्याकडे बघत बसला. मी विळा वर धरलेला होता. दुसरा घाव घातला नाही.

का नाही घातला ते मला सांगता येत नाही. निंबा म्हणतो लिही की बहिणीचं पत्र आठवलं. तसं काही आठवलं नाही. मी त्या झोळीकडे पाहत राहिलो. मग विळा टाकला आणि तिथेच बसलो, त्याच्यासमोर. तो मला म्हणाला, "पय. पोरं येतीन." मी पळालो नाही. शेजारच्या वावरातून त्याची पोरं आणि गडी आले. त्यांनी मला काठ्यांनी मारलं, त्यांचं चुकलं नाही. कौतिक ओरडत होता, "बस करा, मरी जाई," पण त्याला कोण ऐकतं? निंबा मध्ये आडवा पडला म्हणून जगलो. त्यानेच आम्हा दोघांना एका गाडीत घालून इथे आणलं. कौतिक पलीकडच्या खाटेवर आहे. त्याला टाके घातलेत. हात वाचेल म्हणतात.

फौजदार आले होते. कौतिक त्यांना म्हणाला, विळा माझाच होता, माझ्याच हातून लागला. मग फौजदाराने मला विचारलं. मी सांगितलं, विळा मी आणला, मारायला आणला आणि मारला. कौतिकने कपाळावर हात मारून घेतला. फौजदार कागद घेऊन गेले. केस उभी राहील, परत आत जाईन. या वेळी तुला कोणी साक्षीला बोलावणार नाही, तू तिथे नव्हतीस.

तुझी पत्रं सगळी वाचली होती. तू विचारलं होतंस, बाजारात तुझ्या हाका ऐकू येत होत्या का. येत होत्या. मी थांबलो नाही.

तुझ्या पाठीवरचे वळ गेले का?

इथे पोलीस बसवलाय. सोमवारी धुळ्याला नेणार म्हणतात, त्याआधी ये. मायलाही घेऊन ये, तिला मी कळवलेलं नाही. येताना काहीतरी मऊ आण. पुढचे दात पडलेत, दवाखान्याची भाकरी चावत नाही.

तुझा भाऊ,
रुपचंद